गोळी लागल्यावर विमान परत येतं कसं? टाक्या, नळ्या, चाचण्या आणि थोडा हिशेब

उलवेकर

११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर वायुसेनेचं सी-२९५ मालवाहू विमान उतरलं आणि सुखोई-३० अगदी खालून गेलं. तेव्हापासून उलवे-पनवेलच्या प्रत्येक कट्ट्यावर एक विधान हमखास ऐकू येतं: "एवढं मोठं संथ विमान, खांद्यावरून सोडलेलं एक क्षेपणास्त्र लागलं की खेळ खल्लास." हे इतकं सरळ नसावं असं वाटतं. मार खाऊनही लष्करी विमान परत यावं म्हणून नेमकं काय करतात, आणि ते खरंच चालतं का हे तपासतात कसं? 'जगातली दहा चिलखती विमानं' छाप उत्तरं कृपया नकोत.

धागा_व्यवस्थापक

चर्चा उघड माहितीपुरतीच ठेवावी. कोलशेत, येऊर किंवा इतर कुठल्याही ठाण्याचे फोटो, तैनातीची माहिती, ओळखीच्यांकडून ऐकलेलं काही इथे टाकू नये. असे प्रतिसाद न विचारता उडवले जातील.

पारसिक_बोगदा

चांगला विषय. प्रश्नाचे दोन तुकडे करा. पहिला: विमानाला मार लागण्याची शक्यता किती? यात रडारवर दिसणं, इंजिनाची उष्णता, उंची, वेग, फ्लेअर (क्षेपणास्त्राला भुलवणारे जळते गोळे), जॅमर (रडारला गोंधळवणारं यंत्र), शत्रू-मित्र ओळख हे सगळं येतं. दुसरा: मार लागलाच, तर विमान पडण्याची शक्यता किती? यात टाक्या, नळ्या, इंजिनं, वैमानिक, पत्रा. दोन्ही शक्यतांचा गुणाकार म्हणजे विमान गमावण्याची शक्यता. पहिली ०.३ आणि दुसरी ०.५ असेल तर १५ टक्के. दोहोंपैकी कुठलीही अर्धी केली की एकूण धोका अर्धा होतो. त्यामुळे भांडण कायम याच गोष्टीवर असतं की पुढचा किलो आणि पुढचा रुपया कुठे टाकायचा.

लोकांच्या डोक्यात 'तगणं' म्हटलं की चिलखत येतं. अमेरिकेच्या ए-१० या जमिनीवर मारा करणाऱ्या विमानात वैमानिकाभोवतीचा टायटॅनियमचा टब सुमारे ५४० किलोचा आहे आणि जागेनुसार १३ ते ३८ मिलिमीटर जाड आहे. तो वैमानिकाला वाचवतो. पण विमान परत येतं ते मुख्यतः दुसऱ्या गोष्टींमुळे: शेपटाजवळ उंचावर, एकमेकांपासून लांब बसवलेली इंजिनं, फोम भरलेल्या टाक्या, आणि हायड्रॉलिक गेल्यावर तारांनी थेट चालणारी नियंत्रणं. ७ एप्रिल २००३ ला बगदादवर किम कॅम्पबेल यांच्या ए-१० ची दोन्ही हायड्रॉलिक गेली, तरी त्यांनी विमान हाताच्या जोरावर तळावर आणून उतरवलं. त्या परतीचं श्रेय टबाला नाही, तारांना आहे.

वागळे_टर्नर

थोडं अडतंय. चिलखत इतकं दुय्यम असेल तर सुखोई-२५ मध्ये रशियनांनी कॉकपिटला टायटॅनियमचं कवच का दिलं? ते काही वजनाची उधळपट्टी करणारे नव्हते.

पारसिक_बोगदा

कारण वैमानिक एकच असतो आणि त्याला पर्यायी नळी काढता येत नाही. जिथे दुसरी प्रत ठेवता येत नाही तिथे चिलखत, बाकी ठिकाणी दुसरी प्रत आणि अंतर. सुखोई-२५ चं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. अफगाणिस्तानात खांद्यावरून सोडायची स्टिंगर क्षेपणास्त्रं आल्यावर विमानं पडू लागली तेव्हा कॉकपिटचं कवच वाढवलं नाही. दोन इंजिनांच्या मध्ये पोलादी पडदा घातला, आग विझवण्याची व्यवस्था सुधारली आणि फ्लेअरची संख्या २५६ पर्यंत नेली. इंजिनं शेजारी शेजारी होती, एकाची आग दुसऱ्यात जायची. दुखणं तिथे होतं.

ऐरोली_सेक्टर८

थोडं गणित मांडतो. आकडे फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्याही खऱ्या विमानाचे नाहीत.

समजा खालून पाहिल्यास विमानाचं दिसणारं क्षेत्रफळ २० चौरस मीटर. प्रत्येक भागाचं क्षेत्रफळ गुणिले 'तिथे लागल्यास विमान पडण्याची शक्यता' म्हणजे त्या भागाचं नाजूक क्षेत्रफळ.

वैमानिक: ०.४ × १.० = ०.४
इंधन: ६ × ०.३ = १.८
एकच इंजिन: ५ × ०.६ = ३.०

बेरीज ५.२. म्हणजे कुठेही लागलेल्या एका गोळीने विमान पडण्याची शक्यता ५.२ / २० = ०.२६. दहा गोळ्या विखरून लागल्या तर वाचण्याची शक्यता ०.७४ चा दहावा घात, जेमतेम ५ टक्के.

आता टाक्यांत फोम भरला आणि इंधनाचा ०.३ चा ०.०५ झाला. बेरीज ३.७, वाचण्याची शक्यता १३ टक्के. त्यावर एका इंजिनाच्या जागी निम्म्या आकाराची दोन बसवली, एकावर घरी येता येतं. मग एका गोळीने इंजिनामुळे विमान पडतच नाही. उरतात ०.४ आणि ०.३, बेरीज ०.७. वाचण्याची शक्यता थेट ७० टक्के. वैमानिकाचं चिलखत आपण अजून विकतही घेतलेलं नाही.

बेलापूर_मीनल

मांडणी छान, पण शेवटची पायरी अशी करता येत नाही. पहिल्या गोळीने एक इंजिन गेलं की तिथून पुढे ते विमान एका इंजिनाचंच आहे, आणि उरलेलं इंजिन आता नाजूक क्षेत्रफळात मोजायला हवं. ७० टक्के हा आकडा प्रत्येक गोळीनंतर इंजिन नवं बसवल्यासारखा आहे.

नीट केलं तर: प्रत्येक इंजिन २.५ चौरस मीटर, शक्यता ०.६, म्हणजे नाजूक क्षेत्रफळ दीड. एका गोळीत डावं जाण्याची शक्यता ०.०७५, उजवं ०.०७५, बाकी कारणांनी विमान पडण्याची ०.०३५. दहा गोळ्यांनंतर किमान एक इंजिन शाबूत आणि बाकीही शाबूत असण्याची शक्यता म्हणजे ०.८९ च्या दहाव्या घाताची दुप्पट वजा ०.८१५ चा दहावा घात. उत्तर सुमारे ४९ टक्के.

तेही इंजिनं एकमेकांना मारत नाहीत असं धरून. शेजारी असतील, पहिल्याच्या टर्बाइनचं पातं फुटून दुसऱ्यात गेलं, किंवा दोघांची इंधनवाहिनी एकाच ठिकाणाहून जात असेल, तर हा आकडा परत १३ कडे घसरू लागतो. चाचणीत शोधायचं असतं ते हे. क्षेत्रफळ कागदावर मोजता येतं. एकाच्या नाशाने दुसऱ्याचा नाश होतो का, ते गोळी मारल्याशिवाय कळत नाही.

ऐरोली_सेक्टर८

बरोबर, ४९ च धरा. १३ वरून ४९ हीसुद्धा लहान उडी नाही.

शिळफाटा

सांख्यिकीतज्ज्ञ अब्राहम वाल्डचं ते लाल ठिपक्यांचं बाँबर (परत आलेल्या विमानांना गोळ्या कुठे लागल्या ते दाखवणारं चित्र) कुणीतरी टाकायच्या आत सांगून टाकतो. वाल्डने १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या सांख्यिकी गटासाठी टिपणं लिहिली ती खरी. परत आलेल्या विमानांवरच्या छिद्रांवरून न आलेल्या विमानांबद्दल काय सांगता येतं, याची त्यात गणिती पद्धत आहे. ठिपक्यांचं चित्र मात्र बऱ्याच नंतरचं, समजावण्यासाठी काढलेलं.

उलवेकर

इंधनाचा वाटा इतका मोठा असेल तर टाकी भरलेली बरी की रिकामी?

बेलापूर_मीनल

दोन्ही वाईट, पण वेगवेगळ्या कारणांनी. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण खरी मेख इथेच आहे.

अर्धी रिकामी टाकी: वर वाफ आणि हवा. त्यात पेटतं कण घुसलं तर स्फोट. जेट ए-१ चा ज्वलनांक किमान ३८ अंश असतो, म्हणून थंड टाकीतली वाफ सहज पेटत नाही असं पुस्तकात वाचायला मिळतं. ते स्थिर टाकीचं. हेलकावणाऱ्या टाकीत किंवा गोळी घुसल्यावर इंधनाचे बारीक तुषार उडतात आणि ते त्याहून कमी तापमानालाही पेटतात. शिवाय उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या विमानाची टाकी ३८ च्या वर जायला मे महिन्यातलं राजस्थान पुरेसं आहे.

भरलेली टाकी: स्फोटाला जागा नाही, पण द्रव दाबला जात नाही. गोळी आत शिरताना आधी धक्क्याची लाट जाते, मग गोळी द्रवाला ढकलत पुढे जाते, तिच्या मागे पोकळी तयार होते आणि कोसळते. हा सगळा दाब टाकीच्या भिंतींवर येतो. गोळी आडवी फिरली की तिची गती झपाट्याने द्रवात उतरते आणि मारा आणखी वाढतो. पलीकडची भिंत आधीच फुगून ताणलेली असते, त्यामुळे बाहेर पडतानाचं भोक आत शिरतानाच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं असतं. पंखाची टाकी असेल तर फासळ्यांवरचे रिव्हेट ओळीने उखडतात आणि पत्रा सोलला जातो. याला हायड्रोडायनॅमिक रॅम म्हणतात. हवा खेचणाऱ्या नळीला लागून टाकी असेल तर फुटलेल्या भिंतीतून इंधन सरळ इंजिनात जातं.

२२ नोव्हेंबर २००३ ला बगदादहून निघालेल्या डीएचएलच्या ए-३०० मालवाहू विमानाच्या डाव्या पंखाला खांद्यावरचं क्षेपणास्त्र लागलं. बाहेरची टाकी काठोकाठ भरलेली होती, म्हणून वाफेचा स्फोट झाला नाही. टाकी फुटली, पंख पेटला, तिन्ही हायड्रॉलिक गेली, पण पंख जागेवर राहिला. वैमानिकांनी फक्त दोन्ही इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान परत उतरवलं. उलवेकर, कट्ट्यावरच्या मंडळींना हे सांगा. ते तर साधं नागरी बांधणीचं विमान होतं.

महापे_रबर

टाकीच्या उपायांबद्दल.

स्वतः बुजणारी टाकी: आत इंधन न शोषणारा थर, मध्ये नैसर्गिक रबराचा न शिजवलेला थर, बाहेर नायलॉन कापडाचा ताकदीचा थर. गोळीने मधला थर उघडा पडतो, इंधन लागून फुगतो आणि भोक बंद करतो. निकष असा की दोन मिनिटांत गळती थांबून जास्तीत जास्त ओलावा दिसावा. लहान कॅलिबरला हे उत्तम चालतं. २३ मिलिमीटरच्या स्फोटक गोळ्यापुढे नाही, तिथे बुजवायला रबरच उरत नाही.

दोन ठिकाणी गडबड होते. एक, बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पाकळ्यांसारखा आत वळतो आणि रबराची जखम उघडी धरून ठेवतो. म्हणून पत्रा आणि टाकी यांच्यामध्ये पाठबळाचा बोर्ड लागतो. नुसती टाकी स्टँडवर ठेवून केलेली चाचणी पास होते आणि विमानात तीच टाकी गळते, ती बहुधा यामुळे. दोन, रबर फुगतं ते इंधनातल्या ॲरोमॅटिक घटकांमुळे. ते कमी असलेलं कृत्रिम किंवा जैव इंधन वापरलं तर फुगणं मंदावतं. आपल्या वायुसेनेच्या एएन-३२ ने २६ जानेवारी २०१९ ला १० टक्के जैव इंधन मिसळून संचलनात उड्डाण केलं. दहा टक्क्यांना काही बिघडत नाही, पण प्रमाण वाढवायचं ठरलं तर बुजण्याची चाचणी पुन्हा करावीच लागेल.

फोम: जाळीदार पॉलियुरेथेन, जवळजवळ ९७ टक्के पोकळ. ज्वाला एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना विझते. किंमत म्हणजे दोन ते तीन टक्के जागा जाते, आणखी थोडं इंधन फोमला चिकटून राहतं, आणि टाकी तपासायची तर सगळे ठोकळे क्रमाने बाहेर काढून पुन्हा त्याच क्रमाने आत. एक ठोकळा राहिला की तिथे पोकळी आणि त्या पोकळीत दाब वाढतो.

पहिला फोम पॉलिएस्टरचा होता: नारिंगी, पिवळा, लाल. दमट उष्ण हवेत तो सडून चुरा होतो आणि चुरा फिल्टरात जातो. कोकणपट्टीची हवा त्याला मारकच. मग निळा पॉलिईथर आला. तो टिकतो, पण वीज वाहून नेत नाही. इंधन भरताना स्थिर विद्युत साचून ठिणग्या पडल्या आणि ए-१० च्या टाक्यांत भरतानाच आगी लागल्या. शेवटी करडा, विद्युतवाहक फोम आला.

पारसिक_बोगदा

तिसरा मार्ग नायट्रोजनचा. इंजिनाची हवा पोकळ तंतूंच्या पडद्यातून नेऊन ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नायट्रोजनयुक्त हवा टाकीत सोडायची. नागरी विमानांना टाकीतला ऑक्सिजन १२ टक्क्यांखाली चालतो, लढाऊसाठी ९ टक्के धरतात. घोळ होतो तो चढताना आणि उतरताना. चढताना इंधनात विरघळलेला ऑक्सिजन बाहेर येतो. वेगाने खाली येताना बाहेरची हवा व्हेंटमधून आत घुसते, म्हणजे नेमकी शत्रूच्या टप्प्यात शिरताना टाकी सर्वांत असुरक्षित. म्हणून यंत्रणेचं माप सरळ उड्डाणावरून न काढता सर्वांत तीव्र उतरणीवरून काढतात. अमेरिकेच्या एफ-३५ए लढाऊ विमानात याच व्यवस्थेच्या नळ्या तुटलेल्या सापडल्या, म्हणून २०२० मध्ये विजांच्या वादळापासून २५ मैल लांब उडण्याचं बंधन आलं होतं.

वागळे_टर्नर

आता चाचणीवर या. रेंजवर विमान उभं करून गोळ्या घालतात, एवढंच ना?

ऐरोली_सेक्टर८

तसं करणारे करतात आणि चुकीचं उत्तर घेऊन घरी जातात.

अमेरिकेत १९८७ च्या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यापासून हे बंधनकारक आहे: पूर्ण उत्पादनाला परवानगी मिळण्याआधी खऱ्या माऱ्याखाली चाचणी झाली पाहिजे. पूर्ण सज्ज विमानाची सूट मिळू शकते, एफ-२२ ला मिळाली. पण मग सुट्या भागांवरच्या चाचण्यांचा पर्यायी आराखडा द्यावा लागतो. काम तळापासून वर चढतं: आधी पत्र्याचे नमुने, मग टाकीची पेटी, मग पंखाचा तुकडा, शेवटी चालू इंजिनासह विमान. एफ-३५ चं पहिलं विमान, एए-१, उड्डाणं संपल्यावर चायना लेक या अमेरिकी नौदलाच्या चाचणी केंद्रात याच कामाला दिलं गेलं.

एका गोळीचा क्रम साधारण असा चालतो.

आधी भाकीत लिहून सही करायची: कुठे भोक, कुठली नळी, आग लागेल का, किती सेकंदांत नियंत्रण जाईल. गोळी झाल्यावर लिहिलेलं भाकीत कायम बरोबरच निघतं, म्हणून आधी.

मग गोळीची रेषा. विमानाचे कुठले घटक एकामागोमाग त्या रेषेत येतात ते पाहून निवडतात. पंखाच्या रिकाम्या टोकाला गोळी घालून अहवाल जाड होतो, ज्ञान वाढत नाही.

वेग: तोफ विमानापासून काही मीटरवर असते, पण हजार मीटरवरचा मारा हवा असतो. म्हणून काडतुसातली दारू कमी करून त्या अंतरावरचा वेग आणतात. दोन प्रकाशपडद्यांमधल्या वेळेवरून वेग मोजतात. लक्ष्यासमोर कागदी पुठ्ठा लावतात. त्यातलं भोक गोल न येता लांबट आलं तर गोळी तिरपी गेली. चिलखताच्या चाचणीत पाच अंशांहून जास्त तिरपी गेलेली गोळी बाद.

विमानाची अवस्था: हायड्रॉलिकमध्ये कामाचा दाब, म्हणजे बहुतेक विमानांत ३००० पीएसआय. इंधन ठरलेल्या तापमानाचं आणि ठरलेल्या पातळीचं. पंखावर जॅकने उड्डाणाचा भार. आणि वारा. चायना लेकला जुन्या टर्बोफॅन इंजिनांची हवा नळीतून विमानावर सोडतात. स्थिर हवेत जी आग भडकते ती वेगवान हवेत विझू शकते. उलटही होतं: स्थिर हवेत नुसती चमकून गेलेली ज्वाला वाऱ्यात एखाद्या फासळीच्या आडोशाला चिकटून बसते आणि कप्पा खाऊन टाकते. वाऱ्याविना केलेल्या आगीच्या चाचणीवर माझा काडीचा विश्वास नाही.

क्रम: कमी नासधुशीच्या गोळ्या आधी. रॅमची गोळी शेवटी, कारण तिच्यानंतर पंख भंगारात. आग किती सेकंद जळू द्यायची आणि पाणी कधी मारायचं ते आधीच ठरवायचं, नाहीतर घाबरून पाचव्या सेकंदाला विझवतात आणि आग टिकली असती की नाही हे कळतच नाही.

बेलापूर_मीनल

यात दोन भरी. पैसे वाचवायला टाकीत पाणी भरतात. रॅमसाठी चालतं, पाणी इंधनापेक्षा जड असल्याने मारा किंचित जास्तच दिसतो. आगीसाठी ते निरुपयोगी. एकाच चाचणीतून दोन्ही निष्कर्ष काढलेला अहवाल दिसला तर बाजूला ठेवा.

दुसरं, दुरुस्त केलेला पत्रा. आधीच्या गोळीने फाटलेला भाग बदलताना घाईत वेगळ्या मापाचे रिव्हेट लागतात आणि पुढच्या गोळीला सांधा वेगळाच वागतो. मग चाचणी विमानाची न राहता आपल्या दुरुस्तीची होते.

चिलखताच्या पट्ट्यांसाठी व्ही-५० काढतात: ज्या वेगाला आरपार जाण्याची शक्यता निम्मी, तो वेग. आरपार न गेलेल्या सर्वांत वेगवान आणि आरपार गेलेल्या सर्वांत मंद अशा समसमान गोळ्यांची सरासरी. आरपार गेलं की नाही हे ठरवायला मागे १५ सेंटिमीटरवर अर्धा मिलिमीटर जाडीचा २०२४-टी३ ॲल्युमिनियमचा पत्रा लावतात. त्यातून उजेड दिसला की गेलं. मात्र व्ही-५० म्हणजे सुरक्षित वेग नव्हे, त्या वेगाला निम्म्या गोळ्या आत येतात. जाहिरातीत हे सोयीने विसरतात.

पारसिक_बोगदा

टाकीशेजारचे कोरडे कप्पे राहिले. विमानातल्या आगी पुष्कळदा टाकीत न लागता तिथे लागतात: फुटलेल्या भिंतीतून इंधन येतं, हवा आहे, इंजिनातून काढलेल्या गरम हवेची (ब्लीड एअर) नळी किंवा तार आहे. उपाय तीन. भिंतीवर विझवणाऱ्या पावडरीचं पातळ पॅनल, गोळी गेली की पावडर उडते, वीज नको, सेन्सर नको. किंवा प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि घन इंधनाचा वायुजनक, गाडीच्या एअरबॅगच्या जातीचा. एफ/ए-१८ई/एफ आणि व्ही-२२ मध्ये तो आहे. किंवा कप्पा फोमने भरून टाकायचा. बिनपैशाचा चौथा उपाय हायड्रॉलिक तेलाचा. जुन्या लाल खनिज तेलाचा ज्वलनांक ८० च्या घरात, त्याच्या जागी आलेल्या कृत्रिम ८३२८२ तेलाचा २०० अंशांवर.

शिळफाटा

आणि या सगळ्याला वजन कमी करणारे कात्री लावतात. एफ-३५ मधून २००८ च्या सुमारास काही किलो वाचवायला शीतक द्रवाचा प्रवाह बंद करणारी झडप आणि नळी फुटल्यास इंधन थांबवणारे काही फ्यूज काढले. पुढे अमेरिकी चाचणी कार्यालयाच्याच अहवालात यामुळे नाजूकपणा सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आली. काही किलोंसाठी!

कळवा_पूल

मार लागू नये या बाजूबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि आपल्याकडचा मोठा धडा तिथला आहे. कारगिलमध्ये २१ मे १९९९ ला कॅनबेरा विमानाच्या एका इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं, दुसऱ्या इंजिनावर ते उतरलं. कॅनबेराची इंजिनं दोन्ही पंखांत, एकमेकांपासून लांब असतात, मीनलताईंचा मुद्दा. २७ तारखेला मिग-२१ गेलं, २८ मे ला एमआय-१७ गेलं, चौघे हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअरची सोय नव्हती. त्यानंतर हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढली आणि विमानं वरून मारू लागली.

उंचीचा हिशेब इथे फसवा आहे. खांद्यावरचं क्षेपणास्त्र साडेतीन-चार किलोमीटर वर जातं, पण ते सोडणाऱ्यापासून मोजून. सोडणारा ५००० मीटरच्या कड्यावर बसला असेल तर नऊ किलोमीटर समुद्रसपाटीवरही सुटका नाही. आणि त्या विरळ हवेत हेलिकॉप्टरच्या एक्झॉस्टला थंड करणारा सप्रेसर लावला तर तो इंजिनाची थोडी ताकद खातो, जी तिथे आधीच पुरत नसते.

उलवेकर

सी-२९५ वर यातलं काय आहे?

कळवा_पूल

उघड माहिती एवढीच: ५६ च्या ५६ विमानांवर देशी इलेक्ट्रॉनिक युद्ध संच, भारत इलेक्ट्रॉनिक्स (बीईएल) आणि भारत डायनॅमिक्सचा (बीडीएल). वेगळं, लढाऊ विमानांच्या चॅफसाठी जोधपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटकांच्या प्रयोगशाळेबरोबर ११८ मापाचं काडतूस बनवलं, ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं. चॅफ म्हणजे रडारला भुलवायला हवेत सोडलेले, ॲल्युमिनियम चढवलेले काचतंतू, लांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी. १० गिगाहर्ट्झला दीड सेंटिमीटर. तंतू एकमेकांना चिकटले तर ढग न होता गठ्ठा पडतो, म्हणून साठवणुकीतला ओलावा आणि काडतुसातून सुटताना तंतू किती पसरतात, दोन्ही तपासावं लागतं. फ्लेअरचंही तसंच. सुटलेला फ्लेअर शेपटाला किंवा उघड्या दाराला लागत नाही ना, हे प्रत्येक वेगाला आणि वळणाला कॅमेऱ्याने पाहतात.

क्षेपणास्त्र येतंय हे ओळखणारे सेन्सर हा खरा अवघड भाग. अतिनील सेन्सर २८० नॅनोमीटरखाली पाहतो, तिथे सूर्य जमिनीजवळ दिसत नाही. पण वेल्डिंगची ठिणगी दिसते. ठाणे-बेलापूर पट्ट्यावरून, ट्रॉम्बेच्या रिफायनरीची ज्योत बाजूला ठेवून, एक फेरी मारली तर खोट्या इशाऱ्यांची चाचणी आपोआप होईल. थट्टा सोडा, पण शहर आणि कारखान्यांवरून तासन्‌तास उडवून खोटे इशारे मोजणं हा खरोखरच चाचणीचा भाग असतो. दर दहा मिनिटांनी फ्लेअर उडाले तर खऱ्या वेळी पेटी रिकामी.

शत्रू-मित्र ओळखही यातच येते. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. तिथे चिलखत, फोम, फ्लेअर यांचा काय उपयोग?

वागळे_टर्नर

हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सबद्दल कुणी सांगेल? तेल गेलं तर किती वेळ?

महापे_रबर

लक्ष्य ३० मिनिटं, लष्करी आणि नागरी दोन्हीकडे. १२ मार्च २००९ ला न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचं तेल गेलं आणि सुमारे ११ मिनिटांत ते समुद्रात पडलं, १७ जण गेले. तेल पूर्ण जाणं 'अत्यंत दुर्मीळ' ठरवून नियमातल्या पळवाटेने ३० मिनिटांची अट टळली होती, आणि तेल गेलं ते फिल्टरच्या झाकणाचे टायटॅनियमचे बोल्ट तुटून. चाचणीत झडप उघडून तेल हळूच काढून टाकतात. खरी गोळी कवच फोडते, कण आत सोडते, बेअरिंगला खरचटते. ते वेगळं. उपाय म्हणजे वेगळी छोटी आणीबाणीची तेलटाकी आणि फवारा, तापल्यावरही कठीण राहणारं पोलाद, आणि कूलरची नळी फुटली तर ती वगळणारी झडप, कारण सर्वांत उघडा आणि मोठा भाग कूलरच असतो.

खारघर_तिसरे_वर्ष

मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यातलं काय करता येईल? बंदुका अर्थातच नाहीत.

बेलापूर_मीनल

इंधन आणि ठिणगी यांच्या वाटेला जाऊ नका. दोन गोष्टी होतात.

एक, वर ऐरोलीकरांनी मांडलेला हिशेब संगणकावर करा. विमानाचं साधं त्रिमिती मॉडेल, वीस-पंचवीस घटक, दहा हजार यादृच्छिक गोळीरेषा. नळ्या एकत्र ठेवून आणि वेगळ्या करून निकाल काढा. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या एफ-१०५ विमानाच्या दोन हायड्रॉलिकच्या नळ्या शेजारून जात असल्याने एकाच माऱ्यात दोन्ही जात. तुमचं मॉडेल हा फरक दाखवत नसेल तर मॉडेल चुकलंय.

दोन, रबर. महापे-रबाळ्यात दोन मिलिमीटरची नैसर्गिक आणि नायट्राइल रबराची शीट सहज मिळते. २५ × ५० मिलिमीटरचे तुकडे, प्रत्येक प्रकाराचे किमान तीन, वजन करून झाकणबंद बरणीत केरोसीनमध्ये, कॉलेजच्या लॅबमध्ये आणि तिथल्या देखरेखीखाली. १, ५, ३० मिनिटांनी आणि २४ तासांनी बाहेर काढून टिपून पुन्हा वजन. पद्धत आयएस ३४०० च्या सहाव्या भागात आहे. नैसर्गिक रबर भराभर फुगेल, नायट्राइल जवळजवळ नाही. आतला थर एका रबराचा आणि मधला दुसऱ्याचा का, हे आलेखातच दिसेल. पहिल्या पाच मिनिटांचा चढ महत्त्वाचा, २४ तासांचा आकडा फक्त तुलनेसाठी.

महापे_रबर

शीट घेताना 'पूर्ण शिजवलेलं' आणि 'कच्चं' दोन्ही मागा. दुकानदार कच्चं द्यायला कुरकुर करतो, कारण ते चिकटतं. टॅल्क लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा.

शिळफाटा

तगण्याचा शेवटचा तुकडा म्हणजे परत आलेलं विमान पुन्हा लवकर उडवणं. त्याला कारखान्यातली दुरुस्ती चालत नाही, तासांत काम हवं. धातूच्या पत्र्यावर क्रम असा: फाटलेला भाग गोल किंवा लंबगोल कापून कडा गुळगुळीत करायच्या, तडे असतील तर टोकाला छिद्र पाडून थांबवायचे, मग पट्टी. रिव्हेट कडेपासून त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत, दोन रिव्हेटमधलं अंतर किमान चौपट. घाईत कडेजवळ मारलेला रिव्हेट पहिल्याच वळणात पत्रा फाडतो.

कार्बन कंपोझिटवर डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा नुकसान मोठं. तेजसच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे. समोर बोटाएवढं भोक आणि मागच्या बाजूला थर हातभर सुटलेले, असं होऊ शकतं. नाण्याने किंवा हलक्या हातोडीने ठोकत जायचं. टणक आवाज बदलून बद्द झाला तिथे खडूने रेघ, आणि रेघेच्या बाहेरून मोजून पट्टी.

वागळे_टर्नर

त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी चालेल? पत्रा हाताशी तोच असतो.

शिळफाटा

कार्बनला थेट टेकवून नाही. खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड होते, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फार लवकर. टायटॅनियमची पट्टी असेल तर उत्तम. नसेल तर मध्ये काचतंतूचा एक थर आणि सीलंट, बोल्ट टायटॅनियमचे, ओल्या सीलंटमध्येच बसवलेले, आणि नोंदवहीत 'तात्पुरती' असा शेरा व पुढच्या तपासणीचे उड्डाणतास. तो शेरा राहिला की तात्पुरती पट्टी कायमची होते.